टर्बो इंजिन नव्याने बांधलंय, पहिले हजार किलोमीटर कसे चालवू?

दोनलिटर

नमस्कार मंडळी. इंजिन उतरवून पूर्ण बांधून घेतलंय. दोन-चार दिवसांत पहिल्यांदा चालू करायचं आहे आणि पोटात गोळा आलाय, म्हणून हा धागा.

दोन लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल टर्बो. बोअर ८६, स्ट्रोकही ८६ मिमी. गेल्या वेळी तिसऱ्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य शाफ्ट, यांच्यामधलं) जागेवरून फिरलं आणि क्रँक खरवडला गेला. आता क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग घातली आहेत. ब्लॉक अर्धा मिलिमीटर रिबोअर (सिलिंडर तेवढे मोठे केले), ओव्हरसाइज फोर्ज्ड पिस्टन, नव्या रिंगा, नवा ऑइल पंप, हेडचं काम, सगळं झालं. टर्बो जुनाच ठेवलाय, खोलून पाहिला, शाफ्टला खेळ नाही. क्लचही नवा आहे.

घोडं अडलंय ते इथे. रिबोअर करणारे लेथवाले म्हणतात, "हजार किलोमीटर मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या वर काटा जाऊ देऊ नका, टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, अजिबात नको." ज्यांनी इंजिन बांधलं ते म्हणतात, "गरम झालं की लोड द्या, नाहीतर रिंगा जन्मात बसणार नाहीत." दोघांचेही केस याच धंद्यात पांढरे झालेत. मी कुणाचं ऐकू?

सावकाश चला

लेथवाल्यांचं ऐका. पूर्वी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लावायचे, ती काय शोभेला? हजार किलोमीटर धीर धरला तर इंजिन लाखभर किलोमीटर साथ देतं.

पाचवा गिअर

उलट! जसं रनिंग-इन कराल तसं इंजिन आयुष्यभर चालतं. पहिल्या दिवशीच दाबा. मऊ चालवलेली इंजिनं मऊच राहतात.

तेलकट हात

थांबा, थांबा. दोघंही अर्धे बरोबर आहेत, आणि या कामात अर्धं बरोबर फार महागात पडतं. जरा सविस्तर लिहितो.

नव्या इंजिनात जे भाग एकमेकांना घासून जुळवून घेतात ते मुख्यतः रिंगा आणि सिलिंडरची भिंत. बेअरिंगला रनिंग-इन लागत नाही. क्लिअरन्स बरोबर असेल आणि तेलाचा दाब असेल तर क्रँक पहिल्या मिनिटापासून तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. क्लिअरन्स चुकला असेल तर हजार काय, दहा हजार किलोमीटर बैलगाडीसारखं चालवलंत तरी तो सुधारणार नाही. त्यामुळे 'बेअरिंग सेट होऊ द्या' हा सल्ला कुणी दिला तर मान डोलवा आणि पुढे चला.

आता रिंगा. होनिंग, म्हणजे सिलिंडरची भिंत दगडाने घासणं, झाल्यावर तिच्यावर तिरक्या रेषांची जाळी दिसते. सूक्ष्मदर्शकातून पाहिली तर ती डोंगर-दऱ्यांची रांग आहे. डोंगरांची टोकं रिंगेने कापून सपाट करायची असतात आणि दऱ्यांत तेल टिकून राहायला हवं असतं. हे कापण्यासाठी रिंग भिंतीवर जोरात दाबली गेली पाहिजे. रिंगेचा स्वतःचा ताण त्या मानाने किरकोळ. खरा दाब ज्वलनाचा वायू देतो. तो वरच्या रिंगेवरून खाचेत शिरतो आणि रिंगेला मागून बाहेर ढकलतो. लोड नाही तर वायूचा दाब नाही, आणि वायूचा दाब नाही तर रिंग नुसतीच भिंतीवरून घसरत राहते. वर जे तेल उरतं ते भाजून भिंतीवर चकचकीत थर धरतं. जाळीच्या दऱ्या बुजतात, भिंत काचेसारखी गुळगुळीत होते, मग गाडी तेल पीत राहते. त्यावर कुठलीही बाटली ओतून उपयोग नाही. पुन्हा उघडा, पुन्हा होनिंग, पुन्हा रिंगा. म्हणून 'सावकाश चला' यांचा सल्ला मनापासून असला तरी इंजिनाला मारक आहे.

पण 'पाचवा गिअर', तुमचंही चुकतंय. लोड म्हणजे पूर्ण बूस्ट नव्हे. साध्या इंजिनाला तुम्ही थ्रॉटल पूर्ण उघडलात तरी हवा वातावरणाच्याच दाबाने शिरते. टर्बोत तसं नाही, तिथे थ्रॉटल उघडला की दाब वर वर चढत जातो. रिंगा बसण्याआधीच पूर्ण बूस्ट दिला तर वायू खाली क्रँककेसमध्ये गळतो, रिंगा आणि पिस्टन जास्त तापतात. त्यात नवं बांधलेलं इंजिन म्हणजे मॅप (इंधन आणि ठिणगीचं कोष्टक) अजून तपासलेला नाही. एकदा डिटोनेशन (मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटणं) झालं की रिंगेची खाच तुटायला क्षण पुरतो.

मधला रस्ता असा. बूस्ट वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणारी झडप) स्प्रिंगवर आणा, म्हणजे बूस्ट वाढवणारा सोलेनॉइड बाजूला ठेवून नळी कॉम्प्रेसरवरून थेट अॅक्च्युएटरला. स्प्रिंगचा असेल तेवढाच बूस्ट मिळेल. (वेस्टगेट इलेक्ट्रॉनिक असेल किंवा व्हॅक्यूमवर चालत असेल तर हा उद्योग करू नका, मॅपमध्येच मर्यादा घाला.) तेल पूर्ण गरम झालं की तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये २००० वरून अर्ध्या थ्रॉटलने ४००० पर्यंत न्या आणि पाय पूर्ण काढून गिअरमध्येच २००० पर्यंत खाली येऊ द्या. पाय काढल्यावर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम भिंतीवर थोडं तेल वर खेचतो आणि घासलेला चुरा धुवून नेतो. असं दहा-बारा वेळा, मध्ये थोडं साधं चालवून श्वास घेऊ द्या. मग थ्रॉटल पाऊण, काटा ४५०० पर्यंत. एकाच वेगाने तासभर मोकळ्या रस्त्यावर जाणं आणि जागेवर उभं राहून घुरघुरत ठेवणं, ही दोन्ही पापं टाळा.

आणि हे सगळं नंतरचं. आधी एक सांगा. बेअरिंग फिरलं होतं ना? ऑइल कूलर बदलला का?

पाचवा गिअर

बरं, 'पहिल्याच दिवशी दाबा' हे थोडं जोशात लिहिलं. हलके घ्या.

दोनलिटर

कूलर पेट्रोलने दोनदा धुतला. पुरेसं नाही?

तेलकट हात

नाही. फिरलेल्या बेअरिंगचा चुरा कूलरच्या बारीक वाटांत अडकून बसतो. थंड असताना बसतो, गरम तेल दाबाने आलं की सुटतो. कूलरनंतर फिल्टर असेल तर थोडी आशा, फिल्टर आधी आणि कूलर नंतर असेल तर तो चुरा थेट नव्या बेअरिंगमध्ये जातो. असं 'सगळं नवं घातलं होतं तरी पुन्हा गेलं' म्हणणारं इंजिन मी एकदा उघडलंय. कूलर नवाच घाला. टर्बोच्या तेलाची नळीही नवी घ्या आणि तिच्या बँजो बोल्टमध्ये बारीक जाळी असेल तर ती उजेडात धरून बघा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, त्याला 'थोडंसं कमी तेल' चालत नाही. इंटरकूलरही आतून पुसा, जुनं तेल असतं.

होनिंगवाला

मी स्वतः लेथवर आहे, त्यामुळे जातभाईची बाजू मांडतो. 😀

तो सावकाश का म्हणतोय, त्यामागे कारण आहे. ते रिंगेचं नसून पिस्टनचं आहे. फोर्ज्ड पिस्टन दोन प्रकारच्या मिश्रधातूत येतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के, तो कमी फुगतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नाही, तो मार सहन करतो पण गरम झाल्यावर जास्त फुगतो. म्हणून त्याला क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो, आणि थंड असताना तो भिंतीवर टकटक आपटतो. त्या अवस्थेत कुणी पाय दाबला की स्कर्टला, म्हणजे पिस्टनच्या खालच्या बाजूला, ओरखडे. आमच्याकडे ओरखडलेले पिस्टन घेऊन लोक येतात आणि खापर आमच्या डोक्यावर फोडतात. म्हणून आम्ही सगळ्यांना सरसकट 'हळू' सांगून मोकळे होतो. चूक आहे, कबूल.

मूळ मुद्दा गरम होण्याचा आहे. पाण्याचा काटा मधे आला म्हणजे तेल गरम झालं असं नाही, तेल बरंच मागे असतं. तेलाचा काटा नसेल तर पाणी गरम झाल्यावर आणखी दहा मिनिटं आरामात चालवा.

आता दोनलिटर, दोन प्रश्न. रिंगा कुठल्या? आणि रिंगेच्या दोन टोकांमधला गॅप किती ठेवलाय? क्रोमच्या रिंगा कडक, त्यांना भिंत जरा खरखरीत हवी आणि बसायला वेळ लागतो. मॉलिब्डेनमचा थर असलेल्यांना बारीक फिनिश लागतं, त्या लवकर बसतात.

दोनलिटर

वरची स्टीलची नायट्राइड केलेली, दुसरी कास्ट आयर्न. गॅप वरचीला ०.४५ मिमी, दुसरीला ०.५०. स्वतः फीलर गेज घालून बघितलं.

होनिंगवाला

छान. साधारण बोअरच्या हजारातल्या पाच भागांइतका गॅप रस्त्यावरच्या टर्बोला धरतात. ८६.५ ला तो ०.४३ येतो, तुम्ही जरा वर आहात. जास्त असला तर थोडा वायू गळेल, बिघडत नाही. कमी असला तर बूस्टमध्ये रिंग फुगून टोकाला टोक भिडतं आणि पिस्टनची कड उडते. शेवटी रिंगवाल्यांनी दिलेला तक्ता प्रमाण.

सावकाश चला

एवढं सगळं वाचून माझ्या जुन्या गाडीचा हिशेब लागला. बांधल्यावर दोन महिने जिवापाड जपली, आणि विकेपर्यंत दर महिन्याला तेल घालत होतो. मिस्त्रीला शिव्या दिल्या त्या वेगळ्याच.

पंखेवाला

विमानाच्या इंजिनांवर काम केलंय, म्हणून थोडं अवांतर. लायकमिंग ही पिस्टन इंजिनं बनवणारी जुनी कंपनी. नव्या किंवा बांधलेल्या इंजिनाला तिची सूचना उडवा आणि ६५ ते ७५ टक्के शक्तीवर चालवा अशीच आहे, जमिनीवर उगाच घुमवत ठेवू नका. तेल पिणं स्थिर होईपर्यंत, किंवा ५० तास, साधं मिनरल ऑइल. म्हणजे 'तेलकट हात' म्हणताहेत तेच.

पण गंमत पुढे आहे. त्याच कंपनीच्या टर्बो इंजिनांना मात्र पहिल्या मिनिटापासून अॅशलेस डिस्पर्संट (राख न करणारं, मळ तरंगत ठेवणारं) तेलच घालायचं असतं, नुसतं मिनरल चालत नाही. त्यामुळे 'रनिंग-इनला मिनरलच' हे काही वेदवाक्य नव्हे.

पाचवा गिअर

म्हणजे सिंथेटिक घालायला हरकत नाही तर!

पंखेवाला

तसं नाही म्हणालो. विमानातलं मिनरल म्हणजे डिटर्जंट-डिस्पर्संट काहीही न घातलेलं तेल. गाडीसाठी मिळणाऱ्या मिनरल तेलात ही द्रव्यं असतातच. नाव एक, वस्तू दोन.

तेलकट हात

पंखेवाला यांनी बरं केलं. कारखान्यातून काही गाड्या सिंथेटिक भरूनच निघतात आणि त्यांच्या रिंगा बसतात, कारण तिथे होनिंग करतानाच डोंगरांची टोकं कापून घेतलेली असतात. आपल्या रिबोअरवर ती खात्री नसते. म्हणून मी पहिल्या हजारासाठी गाडीच्या पुस्तकातल्या ग्रेडचं मिनरल घालतो. फ्रिक्शन मॉडिफायर असलेलं 'इंधन वाचवणारं' तेल नको, कारण इथे थोडं घर्षणच हवंय. आणि ते लवकर बदलतो, तेलाच्या जातीपेक्षा ते जास्त महत्त्वाचं. चपट्या टॅपेटचा जुन्या पद्धतीचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असता तर पहिली वीस-तीस मिनिटं २००० च्या वर धरून ठेवायला लागली असती आणि तेलात झिंक जास्त लागलं असतं. तुमच्याकडे रोलर आहेत, त्या भानगडीत पडू नका.

डिझेलभक्त

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. कॉमन रेल टर्बो डिझेलला हेच लागू का?

तेलकट हात

लोडचं सगळं लागू, किंबहुना जास्तच. बिनलोडाचं डिझेल तासन् तास घुरघुरत ठेवलं की भिंत काचेसारखी झालीच समजा, जनरेटरवाल्यांना विचारा. पण पाय काढल्यावर व्हॅक्यूम तेल वर खेचतो हे तिथे विसरा. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल नाही, त्यामुळे तसा व्हॅक्यूमही होत नाही.

दोनलिटर

अपडेट देतो. कूलर नवा घातला. स्पार्क प्लग काढून, इंधन पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारला, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत. टर्बोची तेलाची नळी सैल ठेवली होती. तिसऱ्या खेपेला दाबाचा काटा हलला, मग नळीतून तेल आलं. टर्बोत आधीच चमचाभर तेल ओतून शाफ्ट बोटाने फिरवला होता.

प्लग लावले, पहिल्या अर्ध्या वळणात चालू! तेलाचा दाब झकास. १५००–२००० च्या मध्ये धरलं. थर्मोस्टॅट उघडला, पाण्यातली हवा काढली, गळती नाही.

आणि दहा मिनिटांनी सायलेन्सरमधून निळा धूर. थोडाथोडका नाही, ढग. बंद केलं. रिंगा गेल्या का हो?

पाचवा गिअर

देवा.

सावकाश चला

रिंगा उलट्या घातल्या असतील का?

तेलकट हात

कुणी घाबरू नका. रिंगा अजून बसल्याच नाहीत, त्या जाणार कुठे? पहिल्या काही मिनिटांत बांधताना लावलेलं तेल जळून थोडा धूर येतो, तो विरतो. तुमचा वाढत गेला, म्हणजे तेल कुठूनतरी सतत येतंय. दोन प्रश्न: आयडलला जास्त की रेस केल्यावर? आणि टर्बोतून तेल परत जाण्याची जाड नळी कशी बसवलीय?

दोनलिटर

आयडलला जास्त. रेस केलं की उलट कमी होतो. नळी जुनीच, गॅस्केट नवं. गळू नये म्हणून मीच दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलं होतं.

तेलकट हात

सापडलं. ते फ्लॅंज काढा.

टर्बोतून तेल दाबाने बाहेर पडत नाही, फेसाळलेलं तेल फक्त उतारावरून खाली ओघळतं. वाट अर्धी बुजली तरी ते बेअरिंगच्या घरात साठतं आणि टर्बाइनच्या बाजूने एक्झॉस्टमध्ये शिरतं. टर्बोची सील पाण्याच्या नळाच्या वायसरसारखी नसते, साठलेलं तेल ती अडवू शकत नाही. ब्रीदरही (क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारी वाट) तपासा. नव्या रिंगांमुळे सुरुवातीला क्रँककेसमध्ये वायू जास्त जातो, ब्रीदर तुंबला तर तोच दाब खालून तेलाची वाट अडवतो. टर्बोच्या तेलाच्या वाटेवर सिलिकॉन कुठेही नको, आत येणाऱ्याही नाही आणि जाणाऱ्याही नाही.

दोनलिटर

काढलं. लाज वाटते लिहायला, आतल्या बाजूला सिलिकॉनचं वळं दाबून बाहेर आलं होतं, भोक निम्मं बंद. नुसतं कोरडं गॅस्केट लावलं. पंधरा मिनिटं चालवल्यावर एक्झॉस्टमधलं साठलेलं तेल जळून गेलं, आता धूर नाही. बांधणाऱ्या मिस्त्रींना फोन करून उगाच बोललो होतो, पुन्हा फोन करून माफी मागितली.

एक अडचण. नव्या क्लचला पहिले काही शेकडो किलोमीटर मऊ वागवा म्हणतात, आणि रिंगांना लोड हवा. दोघांना एकदम कसं खूश ठेवू?

होनिंगवाला

क्लच घसरतो तो गाडी उचलताना. पूर्ण जोडलेल्या क्लचवर चालत्या गाडीत स्प्रिंगच्या बूस्टवर लोड दिलात तर त्याला काही होत नाही. जागेवरून झटका देऊन निघू नका, एवढं पुरे.

दोनलिटर

दुसरं अपडेट. ६० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलला. फिल्टरचा डबा कापून कागद उलगडला. तेलात धरल्यावर चंदेरी झाक दिसते, बोटाला लागत नाही. मॅग्नेट फिरवलं तर बरीचशी झाक त्याला चिकटली. फोटो टाकलाय.

तेलकट हात

मॅग्नेटला चिकटलं ते रिंगा आणि भिंतीचं लोखंड, अपेक्षितच. न चिकटणारे चपटे चमचमते तुकडे, किंवा तांब्यासारखा रंग दिसला असता तर बेअरिंगचा संशय. इथे तसं नाही. पुढचा बदल ५०० ला, तेव्हाही कापा आणि हा फोटो शेजारी ठेवा.

दोनलिटर

तिसरं, आणि बहुधा शेवटचं. ५०० ला फिल्टरमध्ये झाक जवळजवळ नव्हती. तोपर्यंत अर्धा लिटर तेल प्यायलं होतं. त्यानंतर ६०० किलोमीटर झाले, डिपस्टिकवर रेघ तिथेच आहे.

कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, थ्रॉटल उघडा ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी ९.२, ९.०, ९.४, ९.१ बार होतं. आज १०.६, १०.५, १०.७, १०.५.

आता सोलेनॉइड जोडून पूर्ण बूस्ट देऊ का?

तेलकट हात

आकडे बघून मलाच बरं वाटलं. चारही एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत, तुमचे दोनात आहेत. पण पूर्ण बूस्ट लगेच नको. आधी वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून मिश्रण बघा, कॉम्प्रेशन बदललंय आणि पिस्टनही. मिश्रण फार रिच (पेट्रोल जास्त) असलं तर पेट्रोल भिंतीवरचं तेल धुवून काढतं, आणि केलेली मेहनत वाया. लीन (पेट्रोल कमी) असलं तर डिटोनेशन, ते काय करतं ते वर लिहिलंय. मग स्प्रिंगवरून थोडं थोडं वर, प्रत्येक टप्प्यावर प्लग काढून बघत. जोरात चालवल्यावर बंद करण्याआधी मिनिटभर आयडल द्या, नाहीतर टर्बोतलं तेल तिथेच भाजतं.

पाचवा गिअर

म्हणजे शेवटी दाबायचंच ना.

सावकाश चला

सावकाश दाबायचं.

डिझेलभक्त

माझं हेड पुढच्या आठवड्यात लेथवरून येतंय. वेगळा धागा काढतो. सिलिकॉनची ट्यूब आत्ताच लपवून ठेवली आहे.